स्वागत, पश्चात्ताप आणि मंडळीची वाढ

शास्त्रवाचन : लूक १९:१-१०, मत्तय २२:१-१४, २ करिंथकर २:५-८

मंडळीच्या सभांत तीन विषय पुनःपुन्हा निघतात. पहिला नव्या माणसांच्या स्वागताचा, दुसरा पश्चात्तापाचा आणि तिसरा मंडळीच्या वाढीचा. तिन्ही विषय पवित्र शास्त्रातलेच आहेत आणि एकेकटे घेतले तर त्यांबद्दल कोणाचे दुमत होत नाही. परंतु पंचांच्या बैठकीत हे तिन्ही एकत्र आले की वादाला तोंड फुटते. एक पक्ष म्हणतो, दार उघडे ठेवा, जो येईल त्याला बसू द्या. दुसरा म्हणतो, असे कसे चालेल? आधी दारू सोडू द्या, आधी घरदार नीट लावू द्या, मग येऊ द्या. आणि वर्षअखेरीस अहवाल लिहायची वेळ आली की दोन्ही पक्ष एकच प्रश्न विचारतात : यंदा बाप्तिस्मे किती झाले?

हा अभ्यास आम्ही माळव्यातील बागली परिसर डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहोत. बागली हे देवास जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. वर काळ्या मातीचे पठार, गहू-सोयाबीनची शेते; विंध्याचा घाट उतरला की उदयनगर-पुंजापुऱ्याकडचा जंगली मुलूख आणि त्यापलीकडे नर्मदामाई. या मुलखात भिल्ल, भिलाला, कोरकू समाजाची वस्ती मोठी, आणि काम संपले की मजुरीसाठी बाहेरगावी जाणे नेहमीचे. देवास आणि धार ही पूर्वी पवारांची संस्थाने; त्या काळापासून मराठी घराणी या बाजूला नांदत आली आहेत. ख्रिस्ती कुटुंबे मात्र थोडी आणि विखुरलेली. अशा ठिकाणी एक कुटुंब आले किंवा एक दुरावले तरी सर्वांना कळते. त्यामुळे वरील तीन विषयांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न येथे पुस्तकी राहत नाही. येत्या रविवारी दारात उभ्या राहणाऱ्या माणसाशी कसे वागावे, इतका तो जवळचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्वागत हे मंडळीचे काम आहे. पश्चात्ताप हे पवित्र आत्म्याचे काम आहे, आणि ते पाहुण्याच्या अंतःकरणात जितके व्हावयाचे असते तितकेच यजमानाच्याही. वाढ हे देवाचे काम आहे. आपले काम टाकून आपण देवाचे काम हाती घेतो, तेव्हा तिन्ही बिघडतात.

१. जक्कयाच्या घरी काय झाले?

यरीहोच्या गोष्टीतला क्रम नीट पाहावा. जक्कय जकातदारांचा मुख्य आणि श्रीमंत होता. लोकांच्या पैशावर तो श्रीमंत झाला हे सर्व गावाला ठाऊक होते. प्रभू झाडाखाली थांबला, त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार असे सांगितले. त्या घटकेपर्यंत जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. लोक कुरकुरले ते याच कारणाने. त्यांच्या मते आधी हिशेब व्हावयास हवा होता, मग भोजन.

हिशेब झालाच, पण तो स्वागतानंतर. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत, असे जक्कय स्वतः उभा राहून बोलला. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे भरून देण्याचा नियम आहे (निर्गम २२:१). जक्कयाने आपल्या वसुलीला चोरीच्या पंक्तीला बसवले. पश्चात्ताप म्हणजे नुसते अश्रू नव्हेत, हे येथे दिसते. त्यात परतफेड असते, रक्कम असते, ज्यांचे नुकसान झाले ती माणसे असतात.

आता मत्तयाच्या २२व्या अध्यायातील लग्नाच्या मेजवानीचा दाखला त्याच्या शेजारी ठेवावा. चाकर रस्त्यांवर जातात आणि बऱ्यावाईट सर्वांना गोळा करून आणतात. आमंत्रण देताना कोणाचीही चौकशी होत नाही. तरीही ज्याने लग्नाचा पोशाख घातला नाही त्याला राजा जाब विचारतो. म्हणजे आत येण्याला अट नाही; पण जसे आलो तसेच राहीन, ही मोकळीकही नाही. एक पक्ष या दाखल्याचा पूर्वार्ध वाचतो, दुसरा उत्तरार्ध. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : पोशाख पाहावयास राजा स्वतः आला. ते काम त्याने दारावरच्या चाकरांना दिलेले नव्हते.

२. टिळकांच्या घरचा धडा

मराठी मंडळीला या विषयाचा एक मोठा धडा आपल्याच इतिहासात सापडतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. ख्रिस्ती लोकांत राहूनही त्यांनी आपली चूल, आपले पाणी, आपले सोवळे सांभाळले. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पुढे मनुष्यामनुष्यांतला जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांच्या मनाला स्वतःहून पटले, त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही हकिगत ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या काळात कोणी वार्षिक पट पाहिला असता तर त्यात लक्ष्मीबाईंचे नाव दिसले नसते. पण त्या घरात देवाचे काम चालू होते.

याच टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य तेथे एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. ख्रिस्तावर प्रेम करणारे पुष्कळ लोक मंडळीच्या उंबऱ्याबाहेर उभे आहेत आणि उंबरा ख्रिस्ताने घातलेला नसून आपण उंच केलेला आहे, हे टिळकांना दिसत होते. १९१९ साली टिळक वारले आणि त्यांच्या मागे दरबार फार काळ टिकला नाही.

या उदाहरणातून बाप्तिस्मा गौण आहे असा अर्थ आम्ही काढीत नाही. प्रभूची आज्ञा स्पष्ट आहे, आणि टिळकांनी स्वतः मोठी किंमत देऊन तो घेतला होता. आम्ही एवढेच म्हणतो की बाप्तिस्मा न घेतलेल्या माणसाला मंडळीत बसण्यासाठी, गाण्यासाठी, शिकण्यासाठी, प्रार्थना मागण्यासाठी एक मानाची जागा हवी. ती जागा नसली की दोनच वाटा उरतात : मनुष्य घाईने बाप्तिस्मा घेतो किंवा बाहेरच्या बाहेर निघून जातो.

३. यजमानाचा पश्चात्ताप

पश्चात्ताप म्हटले की आपले बोट आपोआप नव्या माणसाकडे जाते. केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट या सवयीला आळा घालणारी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरायला टेकलेल्या मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांना प्रथम अन्न, औषध, अंगावर वस्त्र मिळाले. मग शिक्षण आणि हाताला काम. सामुदायिक पश्चात्तापाची मोठी लाट तेथे आली ती १९०५ साली, म्हणजे सुमारे आठ वर्षांनी. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी आश्रमातल्या आश्रमात प्रार्थनेचा गट सुरू केला, तो वाढत गेला आणि जूनच्या अखेरीस मुली रडून आपली पापे कबूल करू लागल्या. भिंतीबाहेरच्या लोकांना दटावून ही लाट आली नाही. जे आधीच आत होते, भजने म्हणत होते, पवित्र शास्त्र वाचीत होते, त्यांच्यापासून ती सुरू झाली.

याच्या उलट बाजूचा प्रसंगही मराठी मंडळीने विसरू नये. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे आशेने पाहिले. त्यांत ख्रिस्तीही होते. केवढी मोठी वाढ होईल, याचे हिशेब मांडले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या निर्णयाची कारणे अनेक होती आणि ती सर्व मंडळीच्या वागण्यात शोधणे बरोबर होणार नाही. परंतु ख्रिस्ती झाल्यावरही मनुष्याची जात सुटत नाही, ही त्यांची टीका होती, आणि तिला आपण प्रामाणिकपणे काय उत्तर देणार? सोयरीक जुळवताना मूळची जात विचारणारी ख्रिस्ती कुटुंबे आजही आहेत. नव्या माणसाला दारात प्रथम ‘आडनाव काय?’ असे विचारणारे सभासद आहेत. हा प्रश्न कशासाठी विचारला जातो ते विचारणाऱ्याला माहीत असते, आणि ज्याला विचारला त्यालाही.

अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडचे लोक आले तसा तो मागे सरला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला (गलतीकर २:११-१४). तेथे पश्चात्ताप करावयाचा होता तो पाहुण्यांनी नव्हे. तो प्रेषिताने करावयाचा होता. एका पंक्तीला बसता येत नसेल तर आपल्या स्वागताच्या भाषणांना अर्थ नाही.

४. उदयनगरची साक्ष

आता बागलीच्या खालच्या अंगाला, घाटापलीकडे येऊ. उदयनगर येथे १९९२ पासून राणी मारिया नावाच्या एक कॅथलिक सिस्टर काम करीत होत्या. त्या मूळच्या केरळातील पुल्लुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. गरीब आदिवासी व भूमिहीन मजुरांना सरकारी कर्जयोजनांची माहिती देणे, त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवणे, आपल्या हक्कासाठी एकत्र येण्यास शिकवणे हे त्यांचे काम. या कामाने ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांच्या चिथावणीने समुंदर सिंग नावाच्या तरुणाने २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर चाकूने वार केले. नाचनबोर टेकडीजवळ भर दिवसा, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत त्यांचा अंत झाला. त्यांचे वय तेव्हा ४१ वर्षांचे होते. समुंदर सिंगला जन्मठेपेची शिक्षा झाली.

पुढची हकिगत आमच्या विषयाची आहे. स्वामी सदानंद नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. २००२ साली राखीपौर्णिमेच्या सुमारास राणी मारियांच्या धाकट्या बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि ज्या हाताने बहिणीला मारले त्याच हातावर त्यांनी राखी बांधली. त्याला भाऊ म्हटले. घरच्या मंडळींनीही त्याला क्षमा केली, त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, आणि २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात राणी मारियांच्या आईवडिलांच्या घरी गेला. त्यांनी त्याला घरात घेतले. उदयनगरला त्यांच्या कबरेपाशी तो जात राहिला, आणि आपल्या हातून झालेल्या पापाबद्दल उघडपणे बोलत राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात रोमन कॅथलिक मंडळीने राणी मारियांना ‘धन्य’ म्हणून जाहीर केले.

आम्ही प्रॉटेस्टंट आहोत. संतपदाविषयीचा आमचा विचार वेगळा आहे. पण आपल्या शेजारच्या टेकडीवर घडलेल्या या गोष्टीपासून तीन गोष्टी शिकण्यास त्याची आडकाठी नसावी.

पहिली, क्रम. राखी अपराध्याला बांधली गेली, सुधारलेल्या माणसाला बक्षीस म्हणून नव्हे. जक्कयाच्या घरी जो क्रम दिसला तोच येथे दिसतो.

दुसरी, क्षमेने न्याय पुसला नाही. गुन्हा न्यायालयात सिद्ध झाला, शिक्षा सुनावली गेली आणि त्याने ११ वर्षे तुरुंगात काढली. ज्यांचे माणूस गेले त्यांनीच क्षमा केली. त्यांच्या वतीने परक्यांनी परस्पर केली नाही. मंडळीत कोणी कोणाचे पैसे बुडवले, बायकोला मारले, लेकराला त्रास दिला, तर ‘आपण ख्रिस्ती आहोत, विसरून जा’ असे दुखावलेल्या माणसाला सांगणे हे स्वागत नव्हे. बाकावर बसायला जागा सर्वांना आहे. पण खजिन्याची किल्ली आणि मुलांचा वर्ग कोणाच्या हाती द्यावा हा प्रश्न वेगळा आहे, आणि तेथे पंचांनी कठोर असलेच पाहिजे.

तिसरी, त्या बहिणीने राखी बांधताना मोबदला मागितला नाही. समुंदर सिंगचे नाव कोणत्या पटावर चढेल, असा प्रश्न त्या राखीला जोडलेला नव्हता.

५. दावीदाची मोजणी आणि मेंढपाळाची मोजणी

आता वाढीचा विषय. ‘चर्च ग्रोथ’ म्हणजे मंडळीच्या वाढीचे शास्त्र जगभर पसरले, त्याची मुळे बागलीपासून फार दूर नाहीत. नेमावरपाशी नर्मदा ओलांडली की हंडिया आणि पुढे हरदा लागते. हरद्याला डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या मिशनने १८८०च्या दशकात काम सुरू केले. या मिशनचे डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे दमोहला १८९७ साली जन्मले, १९२३ साली मिशनरी म्हणून भारतात परतले आणि अनेक वर्षे या मध्य भारतात राबले. काही ठिकाणी मंडळ्या वाढतात आणि काही ठिकाणी पन्नास वर्षे कष्ट करूनही वाढत नाहीत, असे का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९५५ साली त्यांचे ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ हे पुस्तक निघाले. एकेका माणसाला त्याच्या आप्तांतून उपटून मिशनच्या आवारात आणून बसवण्याची पद्धत त्यांनी दोषास्पद ठरवली. सुवार्ता नात्यागोत्यांच्या वाटेने जाते, घराणीच्या घराणी विचार करून प्रभूकडे येतात, असे त्यांचे सांगणे होते.

यात तथ्य आहे. कर्नेल्य व तुरुंगाचा नायक हे दोघेही आपल्या घराण्यासह आले (कृत्ये १०; १६). आवारात बसवलेली मंडळी पुढे गावापासून तुटली, हेही आपण पाहिले आहे. पण याच विचाराचा दुसरा भाग असा की लोकांना ख्रिस्ती होताना जात, भाषा, वर्ग यांची कुंपणे ओलांडावी न लागली तर वाढ झपाट्याने होते. म्हणून प्रत्येक समाजाची मंडळी वेगळी असली तरी हरकत नाही, असा अर्थ पुष्कळांनी त्यातून काढला. येथे आपण थांबले पाहिजे. भारतात जातीचे कुंपण तसेच ठेवून झालेली वाढ ही पश्चात्ताप पुढे ढकलून केलेली वाढ आहे, आणि पुढे ढकललेली ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पुढेच राहते.

मग संख्या मोजूच नये काय? शास्त्र तसे म्हणत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी सुमारे ३,००० माणसांची भर पडली, असे लूकाने लिहून ठेवले आहे (कृत्ये २:४१). तथापि शास्त्रात दोन प्रकारच्या मोजण्या आहेत. दावीदाने आपल्या लढवय्यांची मोजणी केली. यवाबासारख्या सेनापतीलाही ती रुचली नाही, आणि मोजून झाल्यावर दावीदाचे मन त्याला खाऊ लागले (२ शमुवेल २४). ती आपले बळ पाहण्यासाठी केलेली मोजणी होती. लूकाच्या १५व्या अध्यायातला मेंढपाळही मोजतो. पण तो मोजतो म्हणून त्याला कळते की ९९ आहेत आणि एक नाही. ती हरवलेल्यासाठी केलेली मोजणी आहे. आपला पट कोणत्या मोजणीसाठी आहे, हे प्रत्येक मंडळीने स्वतःस विचारावे.

पौल म्हणतो की लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ मात्र देवाची (१ करिंथकर ३:६-७). काळी सिंध नदी बागलीच्या भागातच उगम पावते. तेथे ती पाहिली तर एखादा ओढा वाटावा. पुढे राजस्थानात ती चंबळेला मिळते. उगमापाशी राहणाऱ्यांचे काम पाणी गढूळ होऊ न देण्याचे. ते पुढे किती शेते भिजवील, हे त्यांच्या हाती नाही.

६. मोबदला मागणारे स्वागत

या प्रांतात वाढीच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मिशनच्या कामाची चौकशी करण्यासाठी मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली आला. १९६८ साली राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. २०२१ साली अधिक कडक कायदा आला. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे, अशी तरतूद त्यात आहे आणि तिला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. या कायद्यांमुळे निरपराध लोकांनाही त्रास होतो, याचे दुःख आम्हांस आहे. परंतु दुःख सांगत असतानाच एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा. कायद्यात ‘आमिष’ हा शब्द आहे. कायदा नसता तरी प्रभूच्या दृष्टीने आमिष योग्य ठरले असते काय?

औषध, शाळेची फी, धान्य, आजाऱ्यासाठी प्रार्थना या गोष्टी मंडळीने द्याव्यातच. पण देताना मनात पट उघडा असेल तर ते देणे राहत नाही. त्याला किंमत लागते. मोबदला मागणारे स्वागत म्हणजेच आमिष. आणि अशा रीतीने आलेल्या माणसाला पश्चात्ताप करण्याची संधीच मिळत नाही, कारण तो कशासाठी आला हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही कधी स्पष्ट होत नाही. म्हणून येथे सावकाश चालणे हे भित्रेपणाचे लक्षण समजू नये. पेन्टेकॉस्टच्या ३,००० लोकांना त्याच दिवशी बाप्तिस्मा मिळाला हे खरे. पण ते लहानपणापासून शास्त्र ऐकत आलेले लोक होते. ज्याने शास्त्र पहिल्यांदाच हातात घेतले आहे त्याला वेळ देणे, हा त्याचा मान राखणे आहे.

७. पंचांसाठी काही सूचना

(अ) नवा माणूस आला तर त्याला एकटे मागे बसवू नये. एखाद्या कुटुंबाने त्याला आपल्याजवळ बसवावे. नाव विचारावे, आडनाव आणि जात विचारू नये. उपासनेनंतर चहा सर्वांनी एकाच जागी घ्यावा.

(आ) गरिबांच्या मदतीचा निधी वेगळा ठेवावा. तो कोणत्याही धर्माच्या गरजवंताला मिळावा, आणि त्याचा हिशेब कोणालाही पाहता यावा. ज्या घरी मदत गेली त्या घरी त्याच भेटीत बाप्तिस्म्याचा विषय काढू नये.

(इ) बाप्तिस्म्याची तयारी एका पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत चालावी. मजुरीसाठी बाहेर जाणारी माणसे परत येतात की नाही, कर्ज, व्यसन, घरातले भांडण यांत प्रभूला वाट देतात की नाही, हे तेवढ्या काळात दिसते. कायद्याने जे कळवावयाचे ते वकिलाचा सल्ला घेऊन उघडपणे कळवावे.

(ई) पडलेल्या सभासदाकडे प्रथम दोघा वडील मंडळींनी घरी जावे (मत्तय १८:१५-१६). शिस्त लावणे भाग पडले तर ती कधी आणि कशी संपेल, हेही त्याच वेळी सांगावे. करिंथच्या ज्या माणसाला शिक्षा झाली, तो दुःखात बुडून जाऊ नये म्हणून त्याला क्षमा करून धीर द्यावा, असे पौलाने लिहिले आहे. शेवट नसलेली शिस्त माणसाला दुसऱ्या मंडळीत पाठवते किंवा कोठेच पाठवत नाही.

(उ) वार्षिक अहवालात नव्या नावांच्या आधी न येणाऱ्यांची संख्या लिहावी, आणि त्यांपैकी किती जणांच्या घरी आपण गेलो तेही लिहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. जक्कयाच्या घरी कुरकुर करणाऱ्या लोकांचे म्हणणे कोणत्या अर्थाने बरोबर होते? त्यांचे कोठे चुकले?

२. आपल्या मंडळीत बाप्तिस्मा न घेतलेल्या परंतु नियमित येणाऱ्या माणसाला कोणती जागा आहे?

३. उदयनगरच्या गोष्टीत क्षमा आणि शिक्षा या दोन्ही एकत्र कशा राहिल्या? आपल्या मंडळीतील एखाद्या भांडणाला हे कसे लागू करता येईल?

४. आपण सर्वांनी मिळून ज्याबद्दल पश्चात्ताप करावा, असे आपल्या मंडळीच्या जीवनात काय आहे?

५. गेल्या तीन वर्षांत आपल्याकडे येईनासे झालेल्या पाच जणांची नावे सांगता येतील का? त्यांच्याकडे या महिन्यात कोण जाईल?

प्रार्थना

हे प्रभू, आम्ही अपराधी असतानाच तू आम्हांला जवळ घेतलेस. तुझे दार आमच्या हातून अरुंद होऊ देऊ नकोस. दुसऱ्याचे पाप मोजण्याआधी आम्हांला आमचे दाखव. ज्यांचे नुकसान आमच्या हातून झाले आहे त्यांच्याकडे जाण्याचे धैर्य दे. आणि वाढ तू देशील तेव्हा ती सांभाळण्याइतके आम्हांला नम्र कर. आमेन.